नाटकाच्या पडद्यापासून शेतकऱ्याच्या झोपडीपर्यंत : बाबूराव पेंटर

नाटकाचं नेपथ्य उभं करायचं तर आता बरेच जण आधी त्याचं छोटं मॉडेल करतात. पुठ्ठा, पातळ लाकूड, थोडा डिंक. पोरं दिवाळीत किल्ला करतात तसाच प्रकार, फक्त मापात. एका फुटाला अर्धा इंच धरला की तीस फुटांचा रंगमंच पंधरा इंचांत मावतो. दार कुठं, बाज कुठं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ती दिसते का, हे सुतार बोलावण्याआधीच कळतं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र महाल असो की जंगल, बहुतेक सगळं कापडी पडद्यावर रंगवलेलं असायचं. हे पडदे रंगवण्यात ज्यांनी नाव काढलं आणि पुढं तेच पडदे बाजूला सारले, ते बाबूराव पेंटर.

जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम करायचे, कोरीव कामातही त्यांचा हात होता. बाबूराव कुठल्या कला शाळेत गेले नाहीत. घरातच शिकले. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचे पडदे त्यांच्या हातचे. सपाट कापडावर लांबवर गेलेला रस्ता, खांबांची रांग दाखवायची म्हणजे नजर फसवायचं काम. ते दोघांना असं साधलं की पेंटर हेच आडनाव झालं.

पुढं सिनेमाचं वेड लागलं. विलायती कॅमेरा घ्यायला पैसा नव्हता, तेव्हा आपणच तो बनवायचा ठरला. मध्येच १९१६ साली आनंदराव गेले. पण बाबूरावांनी काम सोडलं नाही. शिष्य दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा तयार केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा घातला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

नाटकाला चालतो तो पडदा कॅमेऱ्याला चालेनासा झाला. वाऱ्यानं कापड हललं की राजवाडाच हलायचा! म्हणून बाबूरावांनी लांबी, रुंदी आणि खोली असलेले, माणूस आत वावरू शकेल असे सेट उभे केले. आज जे काम मॉडेल करतं ते त्यांच्याकडं चित्रं करायची. प्रसंग, कपडे, पात्रं कुठं उभी राहणार, सगळं आधी कागदावर काढलेलं.

७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ लागला. कीचकाचं तुटलेलं मुंडकं इतकं खरं वाटलं की बायामाणसं घाबरली असं सांगतात. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ पदवी दिली. मग १९२३ चा ‘सिंहगड’. वारजे, खडकवासला पट्ट्यातल्या लोकांना रोज दिसणारा हा गड त्यांनी पडद्यावर आणला आणि रात्रीच्या प्रसंगासाठी विजेचे दिवे वापरले. तोवर सारं काम उन्हावर चालायचं.

पण शेतकऱ्याच्या कामाचा सिनेमा म्हणजे १९२५ चा ‘सावकारी पाश’. हरी नारायण आपटे यांच्या कथेवरचा. खोट्या कागदांनी सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. यात देव नाही, राजवाडा नाही. जेमतेम उजेडातली झोपडी आणि रात्री विव्हळणारं कुत्रं. हा देखावा जाणकार अजून सांगतात. पडद्यावर महाल रंगवून मोठा झालेला माणूस कर्जबाजारी कुणब्याच्या घरात शिरला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण गल्ला जमला नाही. लोकांना पौराणिकच हवं होतं. ज्यांच्यावर बेतलेला होता, त्यातल्या किती जणांच्या खिशात तिकिटाला पैसे असणार म्हणा.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात काढली. हाताखाली तयार झालेली माणसं एकदम गेल्यावर कंपनी टिकली नाही. तरी बाबूरावांनी १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, या वेळी बोलपट. एकदा न चाललेली गोष्ट दुसऱ्यांदा हाती घेतली.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच ते वारले.