काकापोंचा राखणदार

न्यूझीलंड हा दक्षिण गोलार्धातील बेटांचा देश. वटवाघळांखेरीज एकही सस्तन प्राणी तेथील भूमीवर मूळचा नव्हता. जमिनीवर शत्रूच नसल्यामुळे तेथील कित्येक पक्ष्यांची उडण्याची शक्ती हळूहळू लोपली. काकापो हा त्यांपैकीच एक. हिरव्या रंगाचा, रात्री हिंडणारा हा पक्षी जगातील सर्वांत जड पोपट होय. संकटाची चाहूल लागताच तो जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. आकाशातून टेहळणी करणाऱ्या शिकारी पक्ष्याला तो त्यामुळे दिसत नसे. परंतु वासावरून माग काढणाऱ्या प्राण्यापुढे ही युक्ती व्यर्थ होती. असे प्राणी माणसानेच त्या देशात नेले. त्यांच्यापासून या मुक्या जीवांना वाचविण्यासाठी रिचर्ड हेन्री यांनी आपले आयुष्य वेचले.

हेन्री यांचा जन्म १८४५ साली आयर्लंडमध्ये झाला. ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब ऑस्ट्रेलियात जाऊन राहिले. पुढे हेन्री न्यूझीलंडला गेले व १८८३ च्या सुमारास ते आनाउ सरोवराच्या काठी त्यांनी वस्ती केली. सुतारकाम, नाव बांधणे अशी नाना कामे करीत असताना ते आसपासच्या पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण करीत.

त्या काळी गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणलेल्या सशांनी कुरणे फस्त करण्याचा सपाटा लावला होता. त्यांना आळा घालण्यासाठी सरकारने व मेंढपाळांनी स्टोट, फेरेट इत्यादी मांसभक्षक प्राणी परदेशांतून आणून रानात सोडले. स्टोट हा दिसण्यात मुंगसासारखा, सडपातळ व अत्यंत चपळ. ससे काही संपले नाहीत; पक्षी मात्र नाहीसे होऊ लागले. हेन्री यांनी हा अनर्थ ओळखला आणि वर्तमानपत्रांतून लिहून लोकांना सावध केले.

१८९१ साली सरकारने रेझोल्यूशन हे बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले. १८९४ मध्ये तेथील राखणदार म्हणून हेन्री यांची नेमणूक झाली. तो प्रदेश निर्जन व अतिशय पावसाचा. हेन्री आपल्या कुत्र्याला घेऊन किनाऱ्यावरील घनदाट अरण्यात काकापो शोधीत. पक्ष्यांना इजा होऊ नये म्हणून कुत्र्याच्या तोंडाला मुसके बांधलेले असे. सापडलेले काकापो व किवी नावेत घालून ते वादळी पाण्यातून बेटावर नेऊन सोडीत. सहा वर्षांत त्यांनी असे पाचशेहून अधिक पक्षी हलविले.

परंतु १९०० साली त्या बेटावरच शिकारी प्राणी आढळला. किनारा जवळ असल्यामुळे स्टोट पोहून बेटावर पोहोचले होते. हेन्री यांनी सापळे लावले. पण यश आले नाही. इतक्या वर्षांचे कष्ट डोळ्यांदेखत वाया जात होते. तरीही त्यांनी निरीक्षण सोडले नाही. काकापो दरवर्षी अंडी घालीत नाहीत, ही महत्त्वाची गोष्ट त्यांच्या ध्यानी आली होती. न उडणाऱ्या पक्ष्यांविषयीचे त्यांचे पुस्तक १९०३ साली प्रसिद्ध झाले. १९०८ मध्ये ते कापिटी बेटावर राखणदार म्हणून गेले. १९२९ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची आठवण फारच थोड्यांना होती.

त्यांचा मार्ग मात्र खरा ठरला. उपद्रवी प्राण्यांपासून मुक्त केलेल्या, किनाऱ्यापासून दूरच्या बेटांवर पुढे सरकारने काकापो नेऊन ठेवले. १९९५ साली अवघे ५१ काकापो उरले होते. २०२२ मध्ये त्यांची संख्या २५२ झाली. रेझोल्यूशन बेटावरही २००८ पासून स्टोटांसाठी सापळ्यांचे जाळे पसरण्यात आले. २०५० पर्यंत उंदीर, स्टोट व पॉसम यांचा देशातून समूळ नाश करण्याचा संकल्प सरकारने २०१६ मध्ये सोडला.

ज्या फियोर्डलंडच्या अरण्यात हेन्री यांनी कष्ट उपसले, त्याच अरण्यात १९७५ साली एक वृद्ध काकापो सापडला. त्याचे नाव रिचर्ड हेन्री असेच ठेवण्यात आले. १९९८ मध्ये त्याला तीन पिल्ले झाली. २०१० साली तो पक्षी मरण पावला. पण त्याचा वंश आजही नांदत आहे. एका विस्मृत राखणदाराचे याहून सुंदर स्मारक कोणते असणार?