रामशास्त्र्यांनी चाकरी का सोडली?

शाळेचा अभ्यासक्रम पुरा झाला म्हणजे जो तो आपापल्या वाटेने जातो आणि थोड्याच दिवसांत बहुतेकांस कोणाची ना कोणाची चाकरी पत्करावी लागते. वेतन किती, बढती केव्हा, गावापासून दूर किती, याची चौकशी घरोघर होते. परंतु ज्याच्या पदरी राहावयाचे तो धनी कसा आहे, त्याच्या हाती सत्ता असून त्याच्याविषयी लोकांत दोन तट पडले असतील तर त्याचे काम करावे किंवा न करावे, याचा विचार क्वचितच होतो. हा विचार ज्याने पुरतेपणी केला आणि केल्यावर त्याप्रमाणे जो वागला, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत. त्याचे नाव रामशास्त्री प्रभुणे. प्रभात कंपनीने १९४४ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे नाव तर घरोघर पोचले; पण त्या निर्णयाची अडचण किती मोठी होती, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

रामशास्त्री हे साताऱ्याजवळच्या माहुली गावचे. कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम तेथे आहे. लहानपणीच पितृछत्र हरपले आणि ऐन तारुण्यापर्यंत त्यांस अक्षरओळखही नीटशी नव्हती. साताऱ्यास एका सावकाराच्या घरी ते पडेल ते काम करीत असत. तेथे धन्याच्या एका टोचून बोलण्याने त्यांच्या मनास फार लागले आणि विद्या मिळविण्याचा निश्चय करून ते काशीस गेले, अशी आख्यायिका आहे. वय वाढलेला विद्यार्थी पोरासोरांबरोबर पहिला धडा गिरवावयास बसतो, तेव्हा त्याला काय सोसावे लागत असेल याची कल्पना आमच्या वाचकांनी करावी. अनेक वर्षे कष्ट करून ते धर्मशास्त्रात पारंगत झाले आणि परत आले. १७५१ साली पुणे दरबारी शास्त्री म्हणून त्यांची नेमणूक झाली व १७५९ साली ते मुख्य न्यायाधीश झाले.

त्या काळची न्यायाची रीत आजच्यासारखी नव्हती. गावचे वाद बहुधा पंचायतीपुढे चालत. कागदपत्र पाहून, साक्षी घेऊन निवाडा होई आणि जिंकणारास निवाडपत्र मिळे. जिंकणाराकडून हरकी व हरणाराकडून गुन्हेगारी म्हणून रक्कम सरकारात जमा होत असे. अशा व्यवस्थेत न्यायाधीशास लोभ सुटला तर त्याला आवरणारे फारसे काही नव्हते. सारा भार त्याच्या सचोटीवर होता. रामशास्त्र्यांनी मोठ्या पदावर असूनही संपत्ती साठविली नाही, आणि घरात दुसऱ्या दिवसापुरतेही धान्य शिल्लक ठेवावयाचे नाही असा त्यांचा परिपाठ होता, असे सांगतात. ही साधी राहणी पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली; ती कशी, ते आम्ही ओघाने सांगूच.

थोरले माधवराव पेशवे गादीवर आले तेव्हा वयाने कोवळे होते. एके काळी जपजाप्य व अनुष्ठाने यांत त्यांचा बराच वेळ जाऊ लागला. शास्त्रीबोवा कामासाठी वाड्यात गेले असता पेशवे ध्यानस्थ असल्याने त्यांस परत फिरावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली आणि पेशव्यांसही बरोबर येण्यास सुचविले. ब्राह्मणाने राज्यकर्त्याचे काम अंगावर घेतले आहे तर प्रजेचे रक्षण हेच त्याचे अनुष्ठान. ते होत नसेल तर गादी सोडून खुशाल गंगातीरी जावे, असा त्या बोलण्याचा आशय होता. माधवरावांनी राग न मानता आपला क्रम बदलला. धन्यास स्पष्ट सांगणारा चाकर आणि ते ऐकून घेणारा धनी, अशी ती जोडी होती. अशा धन्याची चाकरी करावी की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. तो उद्भवला माधवरावांच्या चुलत्यामुळे.

हे चुलते म्हणजे रघुनाथराव, ऊर्फ राघोबादादा. त्यांस नुसते खलपुरुष म्हणून सोडून देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. १७५८ साली मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या त्यांच्याच मोहिमेत. त्यांच्या पराक्रमाची एक जागा तर आमच्याच बीड जिल्ह्यात आहे. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन हे गाव आहे. शनिदेवाच्या स्थानासाठी ते प्रसिद्ध आहेच. पण १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे मराठे व निजाम यांची मोठी लढाई झाली. त्या वर्षी निजामअलीने पुणे शहर जाळले होते. तो पूर आलेली गोदावरी उतरून उत्तर तीरास गेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेनिशी अलीकडे राहिला. तेवढ्यात मराठ्यांनी त्यास गाठले. दादा शत्रूच्या गर्दीत सापडले असता तरुण माधवरावांनी धाव घेऊन त्यांस सोडविले. विठ्ठल सुंदर पडला आणि निजामास पैलतीरावरून आपल्या फौजेचा नाश पाहत बसावे लागले.

परंतु याच लढाईच्या मागे दादांची दुसरी बाजूही दिसते. आदल्या वर्षी, १७६२ च्या नोव्हेंबरात, त्यांनी पुतण्याशीच युद्ध करून आळेगाव येथे त्यास शरण यावयास लावले होते. सत्ता हाती येताच जुन्या रागापायी त्यांनी पटवर्धनांच्या मिरजेवर चाल केली आणि गोपाळराव पटवर्धनांसारखा सरदार निजामास जाऊन मिळाला. म्हणजे दादांची चाकरी करावी की सोडावी, हा प्रश्न कर्त्या माणसांपुढे तेव्हापासूनच उभा होता. पुढे १७६८ साली धोडपच्या लढाईत माधवरावांनी दादांचा पराभव केला व त्यांस शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

१७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव थेऊर येथे वारले आणि धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पगारासाठी गलबला करीत गारदी शनिवारवाड्यात शिरले. अठरा वर्षांचा पेशवा धावत जाऊन चुलत्याच्या गळ्यास मिठी घालून बसला असता गारद्यांनी त्यास ठार केले. त्यानंतर राज्याचा कारभार दादांच्या हाती आला. शहर भयभीत होते. बहुतेक मुत्सद्दी गप्प राहिले.

रामशास्त्री त्या रात्रीच राजीनामा देऊन निघाले नाहीत, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. लोकांत कुजबूज पुष्कळ होती. पण कुजबूज म्हणजे पुरावा नव्हे, हे न्यायाधीशापेक्षा अधिक कोणास ठाऊक असणार? ग्रँट डफ यांनी १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. त्यानुसार शास्त्रीबोवांनी कित्येक आठवडे गुपचूप चौकशी केली आणि गारद्यांस दिलेल्या हुकुमापर्यंत ते पोचले. पुतण्यास धरावे एवढीच आज्ञा आपण दिली होती, असा दादांचा बचाव होता. त्या हुकुमात आनंदीबाईंनी ध चा मा केला ही कथा सर्वश्रुत आहे; तिची आम्ही आख्यायिका म्हणूनच नोंद करतो. पेशव्यास धरण्याचा हुकूम हाही लहान अपराध नव्हता, आणि घरच्या मुलावर भाडोत्री शिपाई सोडणारास पुढच्या परिणामाची जबाबदारी झटकता येत नाही.

दादांनी पापास प्रायश्चित्त काय, असे विचारले. शास्त्रीबोवांनी सांगितले की, या अपराधास देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही. एवढे सांगून ते थांबले नाहीत. दादांच्या हाती राज्य आहे तोवर आपण कारभारात भाग घेणार नाही व पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे बजावून त्यांनी पद सोडले आणि वाईजवळच्या पांडववाडीस जाऊन राहिले. ज्याच्या आज्ञेत हजारो शस्त्रे होती त्याच्यासमोर हे बोलणे झाले.

आता दुसऱ्या बाजूने काय म्हणता आले असते, तेही पाहू. चांगली माणसे निघून गेली तर न्यायासन खुशामतखोरांच्या हाती जाईल. गरीब वादी-प्रतिवाद्यांनी कोणाकडे पाहावे? पेशव्याच्या घरात दुसरा जाणता पुरुष उरला नाही. निजाम आणि हैदर संधीची वाट पाहत आहेत. अशा वेळी अटक आणि राक्षसभुवन गाजविणाऱ्या सेनानीस साहाय्य करणे हेच राज्याचे हित नव्हे काय? हे युक्तिवाद पोकळ नाहीत. सखारामबापू बोकील, नाना फडणीस यांसारखे मुत्सद्दी काही महिने दादांबरोबर राहिले, स्वारीतही गेले, आणि मग निरनिराळी निमित्ते सांगून एकेक जण मागे फिरला. त्यांनीच पुढे बारभाईंची मसलत उभारली. नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर सुरक्षित ठेवले, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. बापू-नाना राहिले म्हणून हे घडले, हे नाकारता येत नाही.

मग रामशास्त्र्यांनीही तसेच का करू नये? आमच्या मते याचे उत्तर त्यांच्या कामाच्या स्वरूपात आहे. फडणीस हिशेब लिहितो. धनी अपराधी असला तरी जमाखर्च खरा लिहिता येतो. सेनापती शत्रूशी लढतो; तेथेही धन्याचा दोष आड येईलच असे नाही. परंतु न्यायाधीश ज्याच्या नावाने निवाडे देतो त्याचाच खून पोटात घालून बसला, तर दुसऱ्या दिवशी एखाद्या दरिद्री चोरास त्याने शासन कोणत्या तोंडाने सांगावे? त्याने एकही खोटा निवाडा दिला नसता, तरी त्याचे त्या आसनावर बसणे हाच एक खोटा निवाडा झाला असता. शास्त्रीबोवांनी धन्याचे गुणदोष तराजूत घातलेच असतील. पण आपल्या कामाचे मर्म या धन्यापाशी शाबूत राहील काय, या एकाच गोष्टीवर शेवटचा निर्णय केला. राक्षसभुवनाचा विजय खरा होता. खुनाच्या खटल्यात तो मांडता येत नव्हता, इतकेच.

येथेच त्यांच्या साध्या राहणीचा उपयोग दिसतो. ज्यास वाडा, जहागीर आणि थाटमाट सांभाळावयाचा असतो, त्याला पांडववाडीची वाट फार लांबची वाटते. शास्त्रीबोवांस सोडावयास थोडे होते, म्हणून सोडता आले. चाकरी सोडण्याची तयारी चाकरीत असतानाच करावी लागते, हे आईबापांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे बारभाईंनी सन्मानाने बोलाविले तेव्हा रामशास्त्री न्यायासनावर परत आले आणि १७८९ साली वारले. राज्यकारभार हाच मुळी त्याज्य, असे त्यांचे मत असते तर ते परत आले नसते. दादांनी १७७५ साली सुरतेस इंग्रजांशी तह केला, त्यातून दीर्घ युद्ध उद्भवले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर कोपरगावास राहत असता १७८३ च्या डिसेंबरात त्यांचा अंत झाला. राक्षसभुवनास पाणी पुरविणारी गोदावरी कोपरगावावरूनच खाली येते.

मात्र यावरून सन्मार्गाने जाणारास शेवटी पद मिळतेच, असा धडा आमच्या बालवाचकांनी काढू नये. १७७३ साली पुणे सोडताना रामशास्त्र्यांपुढे सवाई माधवरावांचा जन्म झालेला नव्हता, बारभाई जमलेले नव्हते आणि दादांचे राज्य किती वर्षे चालेल हे कोणास ठाऊक नव्हते. पांडववाडीतच उरलेले आयुष्य जाईल, असे समजूनच त्यांनी पुणे सोडले असले पाहिजे. त्यांच्या निर्णयाची किंमत आपण त्या दिवशीच्या त्यांच्या माहितीवरूनच करावी, आणि आपणांवर तसा प्रसंग आल्यास प्रथम पुरती चौकशी करावी, मग आपल्या कामाचे मर्म काय आहे हे स्वतःस विचारावे, आणि उत्तर मिळाल्यावर उशीर लावू नये.