संदेष्टा यिर्मया आणि बाबेल नगरी

यरुशलेमेजवळील अनाथोथ गावी, याजककुळात यिर्मयाचा जन्म झाला. इ. स. पू. ६२७ च्या सुमारास, तरुणपणीच, त्यास परमेश्वराचे पाचारण झाले. यहोयाकीम राजाने त्याच्या भविष्यांची गुंडाळी कापून अग्नीत टाकली. त्याने ती बारूख लेखकाकडून पुन्हा लिहविली.

इ. स. पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतील पुष्कळ लोकांस बंदिवान करून बाबेल नगरीस नेले. यिर्मयाने त्यांस पत्राने कळविले की, तेथे घरे बांधावी, मळे लावावे आणि त्याच नगरीच्या कल्याणार्थ प्रार्थना करावी. पुढे काही वर्षांतच त्या नगरीवरील दैवी न्यायाचे भविष्य लिहून त्याने ते सरायाच्या हाती दिले. सरायाने ते तेथे वाचून, धोंडा बांधून फरात नदीत बुडवावे, अशी आज्ञा होती.

यरुशलेमेच्या नाशानंतर यिर्मयास त्याच्या इच्छेविरुद्ध मिसर देशी नेण्यात आले. इ. स. पू. ५३९ मध्ये बाबेल पारसाच्या कोरेश राजाच्या हाती पडली. ती एका रात्रीत ओसाड झाली नाही. शतकानुशतके ओसरत गेली. आज इराकात तिचे भग्नावशेष उरले आहेत.

खापरी, तेल्हारा, दहेगाव येथील शेतजमिनींवर आमचे मिहान उभे राहिले. आमच्यापैकी कित्येक पोटासाठी परगावाहून येथे आले. कित्येकांची शेतेच यात गेली. दोघेही या महोत्सवात एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. नगरीचा न्याय करणारा परमेश्वर आहे. अन्याय दिसेल तेथे यिर्मयाप्रमाणे निर्भयपणे बोलावे, आणि त्याच मुखाने तिच्यासाठी प्रार्थनाही करावी, हेच आम्ही त्याच्या चरित्रापासून शिकतो.