बेन्झीनचे कोडे आणि केकुले

ट्रंकेतल्या कपड्यांत आपण डांबराच्या गोळ्या ठेवतो. त्यांतील नॅफ्थलीनच्या रेणूत कार्बनची दोन षट्‌कोनी कडी एकमेकांस जोडलेली असतात. असे कडे रसायनशास्त्रात रूढ करणाऱ्या ऑगस्ट केकुले यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी व पालकांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

केकुले यांचा जन्म ७ सप्टेंबर १८२९ रोजी जर्मनीतील डार्मस्टाट येथे झाला. चित्रकलेत हात चांगला, म्हणून वास्तुशास्त्र शिकण्यासाठी ते १८४७ मध्ये गीसेनला गेले. तेथे लीबिग यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ऐकून त्यांचे मन पालटले. घरच्यांनी फेरविचार करावयास लावले. पण ते निश्चयापासून ढळले नाहीत.

१८५८ मध्ये ते बेल्जियममधील घेंट येथे प्राध्यापक झाले. कार्बनची संयुजा चार असून त्याचे अणू साखळीने जोडले जातात, हे त्यांनी त्याच वर्षी मांडले. स्कॉटलंडच्या कूपर यांनीही ते स्वतंत्रपणे सांगितले होते. १८६३ मध्ये पुत्रजन्मानंतर लगेच त्यांची पत्नी निवर्तली. या दुःखातही काम सुटले नाही. १८६५ मध्ये त्यांनी बेन्झीनचे कडे मांडले. स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप अर्धवट झोपेत दिसला, ही आठवण त्यांनी १८९० मध्ये बर्लिनच्या सत्कारात सांगितली. मात्र त्या डुलकीमागे अनेक वर्षांचा अभ्यास होता.

या कड्यात एकेरी व दुहेरी बंध आलटून पालटून येतात. तसे असेल, तर शेजारच्या दोन कार्बनांवर क्लोरीन बसविल्यास दोन निरनिराळे पदार्थ मिळावयास हवेत. प्रत्यक्षात एकच मिळतो. ही उणीव त्यांनी झाकली नाही. बंध सतत जागा बदलतात, असे त्यांनी १८७२ मध्ये सुचविले.

खरा उलगडा १९३१ मध्ये ह्यूकेल यांनी केला. दुहेरी बंधात एक सिग्मा व एक पाय बंध असतो. बेन्झीनमधील सहा पाय इलेक्ट्रॉन कोणत्याही दोन अणूंचे नसतात. कड्याच्या वर व खाली पसरून ते सहाही कार्बनांचे सामाईक होतात. त्यामुळे सर्व बंध सारख्याच लांबीचे असतात आणि बेन्झीन एथिलीनप्रमाणे ब्रोमीन सहज सामावून घेत नाही.

केकुले १३ जुलै १८९६ रोजी बॉन येथे वारले. पालकहो, मुलाने विषय बदलावयाचा म्हटले, तर रागावण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, वहीत षट्‌कोन काढताना त्या रेघांमागील ‘का?’ एकदा तरी विचारावा.