पाउल गेरहार्ट : सही न करणारा गीतकार

जर्मनीत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी 'गेह आउस, माइन हेर्त्स' हे गाणे उन्हाळ्यात कुठे ना कुठे ऐकले असेल. बागा, चंडोल, मधमाश्या, पिल्लांना घेऊन फिरणारी कोंबडी असे सगळे त्यात आहे. इतके प्रसन्न गाणे लिहिणाऱ्या माणसाचे आयुष्य मात्र फार खडतर होते.

पाउल गेरहार्ट यांचा जन्म १६०७ साली ग्रेफेनहाइनिखेन या छोट्या गावी झाला. लहानपणीच आईवडील गेले. १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षे चाललेल्या युद्धात त्यांचे तारुण्य सरले. १६३७ मध्ये स्वीडिश सैन्याने त्यांचे गाव जाळले. विटेनबर्गला धर्मशास्त्र शिकूनही पाद्री म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती १६५१ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी! तोवर बर्लिनमध्ये बेर्टहोल्ड नावाच्या वकिलांच्या घरी ते मुलांना शिकवीत. पुढे त्याच घरच्या आना मारियाशी त्यांचे लग्न झाले. याच काळात बर्लिनच्या निकोलाय चर्चचे संगीतकार योहान क्र्युगर यांनी त्यांची गीते चाली लावून छापायला सुरुवात केली.

१६५७ मध्ये गेरहार्ट त्याच निकोलाय चर्चमध्ये पाद्री झाले. आता तरी सुख लागावे, पण पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. त्यात राज्यकर्त्याशी वाद उभा राहिला. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रीडरिश विल्हेल्म कॅल्विनपंथी, प्रजा बहुतेक ल्यूथरपंथी. दोन्ही पंथांच्या पाद्र्यांनी प्रवचनात एकमेकांवर टीका करू नये असा हुकूम त्याने १६६४ मध्ये काढला आणि त्यावर सह्या मागितल्या. आज आपल्याला हा हुकूम समंजसच वाटेल. गेरहार्ट स्वतः काही भांडखोर नव्हते. पण पाद्री होताना ज्या मतांशी आपण बांधले गेलो, ती या सहीने सोडल्यासारखे होईल असे त्यांना वाटले. त्यांनी सही केली नाही. १६६६ मध्ये नोकरी गेली.

बर्लिनकरांनी इलेक्टरकडे अर्जांवर अर्ज केले. इलेक्टर नमला, १६६७ मध्ये सहीशिवाय परत या म्हणाला. फक्त हुकूम मनातून पाळावा ही अपेक्षा होती. घरी पत्नी आजारी, पगार बंद. तरी त्यांनी नकार दिला! याला हट्ट म्हणावे की निष्ठा, ते वाचकांनी ठरवावे. मला स्वतःला दोन्ही वाटते.

१६६८ मध्ये आना मारिया गेली. उरलेल्या एकुलत्या एक मुलाला घेऊन गेरहार्ट १६६९ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या हद्दीबाहेर, ल्युबेनला पाद्री म्हणून गेले. तिथेच १६७६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे बाखने आपल्या 'सेंट मॅथ्यू पॅशन' मध्ये त्यांची पदे घेतली.

श्प्रेवाल्डला होडीत बसायला आणि काकडीचे लोणचे खायला आपली मंडळी जातातच. त्याच भागात हे ल्युबेन आहे. तिथल्या चर्चला आता गेरहार्ट यांचेच नाव आहे, आणि त्यांचे दफनही तिथेच झाले.