मनाचा जीर्णोद्धार : कै. सेठ जमनालालजी बजाज

वर्धा तालुक्यात देवालयाचा विषय निघाला की कै. सेठ जमनालालजी बजाज यांचे स्मरण होतेच. सन १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य गणल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. त्या काळी हे मोठे धाडस होते. परंतु देवाचे दार उघडणाऱ्या या पुण्यपुरुषास स्वतःच्या मनाचे दार उघडण्यास फार दिवस लागले.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळच्या खेड्यात झाला. वर्ध्याचे सेठ बच्छराजजी यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. ऐन तारुण्यात दागिन्यांवरून आजोबांशी वाद झाला, तेव्हा साऱ्या इस्टेटीवर पाणी सोडल्याचे पत्र लिहून ते घराबाहेर पडले. समजूत घालून त्यांना परत आणण्यात आले. पुढे तीच इस्टेट त्यांच्याकडे आली. एकदा सोडलेल्या धनाचे आपण मालक नव्हे, केवळ विश्वस्त, ही टोचणी त्यांनी जन्मभर बाळगली व तिच्यातून उदंड दानधर्म घडला.

टोचणी हाताला कामास लावते तोवर ती उपकारक होय. पण सेठजींचे मन तेवढ्यावर थांबेना. वाढदिवस आला की ते आपल्या दोषांचा हिशेब मांडीत. महात्मा गांधींना ते पितृस्थानी मानीत. त्यांनाही पत्रांतून मनाचा दुबळेपणा कळवीत. मोठमोठी कामे पार पाडणारा हा माणूस स्वतःला अपात्र समजू लागला. वहीत नावे बाजूच तेवढी लिहिली, जमेची बाजू कोरी ठेवली, तर हिशेब कधीच जुळत नाही. तशीच त्यांची स्थिती झाली. कष्ट होते, पण शांती नव्हती.

सन १९४१ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर प्रकृती खालावलेली असताना ते डेहराडूनकडे श्री आनंदमयी माँ यांच्या दर्शनास गेले. आईपुढे लेकराने मन मोकळे करावे तसे झाले व ओझे हलके झाले. परत येऊन त्यांनी गोसेवेचे व्रत घेतले आणि गोपुरी येथे साध्या झोपडीत ते राहू लागले. गायीची सेवा करताना दोष मोजण्यास सवड उरली नाही. दिनांक ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटचे काही महिने मात्र समाधानाचे गेले.

चूक झाली तर ती कबूल करावी, शक्य तेवढी भरपाई करावी व पुढच्या कामास लागावे. पश्चात्ताप हा मंदिराचा उंबरठा आहे. तो ओलांडून आत जावयाचे असते, त्यावर बसून राहावयाचे नसते. मंदिराच्या जीर्णोद्धारासोबत मनाचाही जीर्णोद्धार व्हावा, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.