ट्रेलरच्या चाकाचा नट आणि रॉबर्ट हूक

नांदगाव पेठला आमचं घर हायवेपासून जवळच. लहानपणापासून एक दृश्य बघत आलोय: ट्रेलरचं चाक बसवायचं, पान्याला लांब पाइप लावायचा आणि त्यावर उभं राहून दोन उड्या मारायच्या. मागच्या दिवाळीत काकांच्या छोट्या ट्रेलरचे नट मीही असेच आवळले. महिनाभराने माल भरलेला असताना एक स्टड तुटला. बाकीच्या चारांनी चाक धरून ठेवलं, हे नशीब. डिग्री इंजिनिअरिंगची, आणि हे असं!

तो का तुटला, याचं मूळ ज्या माणसाने शोधलं त्याचं नाव तुम्ही अकरावीत पाठ केलंय. रॉबर्ट हूक.

जन्म १६३५, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर. १३ वर्षांचा असताना वडील वारले. पुढे ऑक्सफर्डला रॉबर्ट बॉइलचा मदतनीस झाला, त्याला हवेचा पंप बांधून दिला. १६६२ पासून रॉयल सोसायटीत नोकरी: सभासदांसमोर प्रयोग करून दाखवायचे. सूक्ष्मदर्शकातून बुचाची चकती पाहून 'सेल' हे नाव त्यानेच दिलं. १६६६ च्या आगीत लंडन जळालं, तेव्हा प्लॉट मोजत फिरणाऱ्यांतही हा होताच.

आपल्या कामाची गोष्ट स्प्रिंगची. ताण जितका, लांबी तितकी वाढते, हे त्याला कळलं होतं. पण कल्पना चोरीला जाईल ही धास्ती! म्हणून १६७६ मध्ये त्याने ते वाक्य छापलं, पण अक्षरं वर्णक्रमाने लावून, कोड्यासारखं. आजच्या भाषेत, फाइल पासवर्ड लावून अपलोड केली. उत्तर १६७८ मध्ये दिलं.

आता स्टडकडे या. नट आवळला की स्टड अगदी किंचित लांबतो. त्याला परत आखूड व्हायचं असतं, ती ओढच चाक हबवर दाबून धरते. म्हणजे स्टड ही स्प्रिंगच. १२ मिमीच्या कोरड्या स्टडवर १०० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर ही ओढ साधारण ४ टनांची होते. कमी आवळला तर चाक हबवर सरकायला लागतं आणि नट ढिला होतो. जास्त आवळला तर हूकचा नियम संपतो: स्टड कायमचा ताणला जातो, मग एक दिवस तुटतो. ७० किलोचा माणूस एक मीटर पाइपच्या टोकावर उभा राहिला की टॉर्क होतो जवळपास ६९० न्यूटन-मीटर. उड्या वेगळ्याच.

आणि आटे मऊ फिरावेत म्हणून ऑइल लावू नका. टॉर्कचा बराचसा भाग घर्षणातच जातो. घर्षण कमी झालं तर तोच आकडा स्टडला जास्त ताणतो.

हूकचा शेवट मात्र वाईट. गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून न्यूटनशी बिनसलं ते कायमचं. १७०३ मध्ये हूक वारला, त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचं खात्रीचं एकही चित्र आज उरलेलं नाही. न्यूटनने ते नाहीसं केलं अशी कुजबुज आहे, पुरावा नाही; मला ती जरा फिल्मी वाटते.

काकांकडे आता टॉर्क रेंच आहे. मॅन्युअलमधला आकडा लावायचा, नट समोरासमोरचे आवळायचे, पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकखाली वाकून पाहिलंत तर प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला एक क्रॉस दिसेल. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात त्याचं नाव हूक्स जॉइंट.